टॉमकॅट उठला, पण ॲप्लिकेशन उठलं का? चाचणीसाठी सर्व्हर उभा करण्याची सविस्तर कृती

जावाची वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर, म्हणजे टॉमकॅट, पहिल्यांदा सुरू करून लॉगमध्ये (त्याच्या नोंदींच्या फाइलीत) डोकावलं की शेवटी एक ओळ दिसते: सर्व्हर स्टार्टअप इन, मग चौकटी कंसात दोन-तीन हजारांचा आकडा, मग मिलिसेकंद्स. नवखा माणूस इथे हुश्श करतो, ब्राउझरमध्ये प्रकल्पाचा पत्ता टाकतो आणि समोर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. मग जावा पुन्हा इन्स्टॉल कर, टॉमकॅट पुन्हा उतरव, मशीन रीस्टार्ट कर, यात संध्याकाळ जाते.

त्या ओळीचा अर्थ एवढाच की सर्व्हर उठला. पोटातलं तुमचं ॲप्लिकेशन उठता उठता आपटलं असलं तरी ही ओळ येते, कारण एक ॲप आजारी पडलं म्हणून टॉमकॅट स्वतः झोपत नाही. सर्व्हर उठणं वेगळं, ॲप उठणं वेगळं आणि ॲप नीट चालणं आणखी वेगळं. पुढची सगळी कृती याच तीन पायऱ्यांनी जाते.

उबुंटू लिनक्स धरून लिहितोय. विंडोजवर वेगळं असेल तिथे तसं सांगेन. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत करायची.

टॉमकॅटच का

काटेकोर बोलायचं तर टॉमकॅट हा पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नाही, सर्व्हलेट कंटेनर आहे, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्यांना उत्तर देणारे जावा वर्ग (सर्व्हलेट) चालवणारा. सर्व्हलेट, जेएसपी आणि वेबसॉकेट एवढा त्याचा संसार. प्रकल्पात ईजेबी (व्यवसायाच्या नियमांचे घटक) किंवा जेएमएस (निरोपांची रांग) असेल तर वाइल्डफ्लाय, पायारा किंवा ओपन लिबर्टीकडे जावं लागतं. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवर लिहिलेल्या प्रकल्पाला टॉमकॅट पुरतो.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सर्व्हलेटचा नमुना म्हणून हा लिहायला घेतला. १९९९ साली तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे गेला. स्वतःचं स्वतः निभावून नेणारा प्राणी हवा म्हणून बोक्याचं नाव दिलं. वाड्यातला बोका पाहिलेल्या कुणालाही ते पटावं.

"स्प्रिंग बूटच्या जारमध्ये टॉमकॅट आतच असतो, मग वेगळा कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. रोजच्या कोडिंगला आतलाच वापरा. पण ग्राहकाकडे वॉर फाइल (वेब ॲपचं एकत्र गाठोडं) बाहेरच्या टॉमकॅटवर चढणार असेल तर चाचणीही तशाच टॉमकॅटवर झाली पाहिजे. क्लासलोडर (क्लास शोधून भरणारा भाग), पाथ, डेटाबेस कनेक्शनचा पूल, अक्षरांचं एन्कोडिंग यातले फरक तिथेच दिसतात.

आवृत्ती निवडताना सर्वात जास्त लोक घसरतात

जावा ईई ओरॅकलने एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण जावा हे नाव ओरॅकलचंच राहिलं. त्यामुळे जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावं बदलावी लागली. पूर्वी जिथे जावॅक्स डॉट सर्व्हलेट होतं तिथे जकार्ता डॉट सर्व्हलेट आलं. कोडच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावं झाली.

टॉमकॅट ९ जुन्या गावचा: जावॅक्स, आणि जावा ८ पासून पुढे चालतो. टॉमकॅट १०.१ जकार्ताचा, त्याला किमान जावा ११ लागतं. टॉमकॅट ११ ला जावा १७. मधला १०.० केव्हाच बंद झाला आहे, तो घेऊच नका. प्रकल्प स्प्रिंग बूट २ वर असेल तर टॉमकॅट ९. स्प्रिंग बूट ३ वर असेल तर १०.१, आणि जावा १७, कारण स्प्रिंग बूट ३ लाच ते लागतं.

हे चुकलं तर काय होतं? कधी क्लास सापडत नाही म्हणून मोठी लालभडक एरर येते, ते बरं. वाईट प्रकार असा की काहीच येत नाही. जुना स्प्रिंगचा वॉर टॉमकॅट १० वर टाकला की टॉमकॅट त्याला डिप्लॉय झालं म्हणतो आणि लॉग स्वच्छ राहतो, पण प्रत्येक पत्त्यावर ४०४ येतो. ॲपला सुरू करणारा जो वर्ग असतो तो जावॅक्सचा इंटरफेस राबवतो, आणि टॉमकॅट १० शोधतो जकार्ताचा. दोघांची गाठच पडत नाही, म्हणून भांडणही होत नाही. लॉग कोरा आणि सगळीकडे ४०४ अशी जोडी दिसली की आधी पॉम फाइलमध्ये (प्रकल्प बांधणाऱ्या मेव्हनच्या यादीत) सर्व्हलेटचं पॅकेज कोणतं आहे ते बघा.

तात्पुरती पळवाटही आहे. टॉमकॅट १० च्या फोल्डरमध्ये वेबॲप्सच्या शेजारी वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर करायचं आणि जुना वॉर त्यात टाकायचा. टॉमकॅट तो बदलून वेबॲप्समध्ये ठेवतो. बघण्यापुरतं ठीक. प्रॉडक्शनमध्ये टॉमकॅट ९ असेल तर चाचणी यावर करण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक जावाच्या आवृत्तीची. अनसपोर्टेड क्लास व्हर्जन असं काही दिसलं तर त्यात दोन आकडे असतात. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. आकड्यातून ४४ वजा केले की उत्तर हातात. मोठा आकडा कोड ज्यावर कंपाइल झाला त्याचा, लहान आकडा सर्व्हर ज्यावर चालतोय त्याचा.

जावा आणि टॉमकॅट उतरवणं

जावा घ्यायला: सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनजेडीके-१७-जेडीके. जेआरई नको, जेडीकेच घ्या, कारण सर्व्हर अडकल्यावर लागणारी जेस्टॅकसारखी (कोणता थ्रेड काय करतोय ते दाखवणारी) अवजारं त्यातच असतात. मग जावा -व्हर्जन देऊन खात्री करा. मशीनवर दोन-तीन जावा असतील तर जावा_होम हे व्हेरिएबल, सगळी मोठी अक्षरं, हव्या त्या जेडीकेच्या फोल्डरवर लावा. जेआरई_होम वेगळं लावलेलं नसेल तर टॉमकॅट तेच बघतो. टर्मिनलमध्ये एक जावा आणि टॉमकॅटला भलताच, हा गोंधळ इथूनच होतो.

टॉमकॅट एपीटीनेही मिळतो, पण त्यात फाइली ईटीसी, व्हार आणि यूएसआर अशा तीन दिशांना पांगतात. चाचणीसाठी सगळं एका फोल्डरमध्ये हवं, म्हणजे नको झालं की ते फोल्डर उडवलं की संपलं. म्हणून टॉमकॅटच्या अधिकृत साइटवरून कोअर विभागातली टार डॉट जीझेड फाइल घ्या. शेजारी एसएचए-५१२ चा ठसा असतो, तो एसएचए५१२समने ताडून पाहा. आपल्या होम फोल्डरमध्ये टार -एक्सझेडएफ ने उलगडा. रूट यूझरने चालवायची सवय मुळीच लावू नका. ॲपमधून कुणी आत शिरला तर त्याच्या हातात अख्खं मशीन जातं.

लिनक्सवर झिप घेतलीत तर एसएच फाइलींचा चालवण्याचा हक्क गळून पडतो आणि परमिशन डिनाइड येतं. बिन फोल्डरमध्ये जाऊन सीएचमॉड +एक्स द्या. विंडोजवर मात्र झिपच घ्या. सर्व्हिस म्हणून बसणारा इन्स्टॉलर चाचणीला अडचणीचा, कारण तो मागे गुपचूप चालू राहतो आणि पोर्ट धरून बसतो. फोल्डरच्या वाटेत मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं नकोत. टॉमकॅट स्वतः ते निभावेल, तुमच्या प्रकल्पातल्या कुणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टला ते जमणार नाही.

उलगडल्यावर बिन, कॉन्फ, लिब, लॉग्ज, टेम्प, वेबॲप्स आणि वर्क अशी सात फोल्डरं दिसतील. रोजचा संबंध कॉन्फ, लॉग्ज आणि वेबॲप्सशी. वर्क म्हणजे जेएसपी कंपाइल करून ठेवायची माळ्यावरची जागा. बदललेलं पान जुनंच दिसत राहिलं तर सर्व्हर थांबवून ती झाडून काढायची.

सुरू करण्याआधी पोर्ट

टॉमकॅट सुरुवातीला दोन पोर्ट घेतो. ८०८० वर ब्राउझरशी बोलतो आणि ८००५ वर बंद होण्याचा निरोप ऐकतो. हे दुसरं पोर्ट लोक विसरतात. एकाच मशीनवर दुसरा टॉमकॅट लावताना ८०८० बदलतात, ८००५ तसंच ठेवतात आणि दुसरा उठत नाही म्हणून डोकं धरतात.

आधी बघा: एसएस -एलटीएनपी दिलं की कोणत्या पोर्टवर कोण बसलंय ते कळतं. विंडोजवर नेटस्टॅट -एएनओ, शेवटचा रकाना प्रोसेसचा नंबर. ८०८० वर दुसरं काही असेल तर कॉन्फमधल्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कनेक्टरचा पोर्ट बदला. १०२४ च्या खालचं पोर्ट साधारणपणे लिनक्सवर साध्या यूझरला मिळत नाही, तेव्हा ८० चा हट्ट नको.

त्याच कनेक्टरला ॲड्रेस नावाचं ॲट्रिब्यूट देऊन १२७.०.०.१ लिहा. सुरुवातीच्या मांडणीत टॉमकॅट सगळ्या नेटवर्कवर कान देऊन असतो. ऑफिसात किंवा हॉस्टेलच्या वायफायवर अर्धवट ॲप सगळ्यांना दिसणं बरं नाही. क्लाउडवरच्या मशीनवर तर हे आधी करा. तिथे एसएसएचच्या बोगद्यातून आपल्या लॅपटॉपवर पोर्ट आणता येतं. जुन्या मांडण्यांत ८००९ वर एजेपीही (पुढच्या वेब सर्व्हरशी बोलायचा कनेक्टर) उघडा असायचा. २०२० साली घोस्टकॅट नावाचं भोक त्यातच सापडलं आणि तेव्हापासून टॉमकॅट तो कनेक्टर बंद ठेवूनच देतो. इंटरनेटवरचे जुने लेख वाचून तो चालू करू नका.

पहिली सुरुवात

बहुतेक लेख स्टार्टअप डॉट एसएच चालवा म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. बिनमध्ये जाऊन आधी कॅटालिना (टॉमकॅटच्या गाभ्याचं नाव) डॉट एसएच कॉन्फिगटेस्ट द्या. एक्सएमएलमध्ये कंस राहिला असेल तर इथेच कळेल. मग कॅटालिना डॉट एसएच रन. विंडोजवर डॉट बॅट. रन दिलं की सर्व्हर टर्मिनलच्या समोरच चालतो, प्रत्येक ओळ डोळ्यांपुढून जाते आणि कंट्रोल-सीने बंद होतो. स्टार्टअप त्याला पडद्यामागे पाठवतो, आणि पहिल्या दिवशी पडद्यामागे काय चाललंय हेच तर आपल्याला बघायचं असतं.

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन (:), ८०८० टाका. टॉमकॅटचं स्वागताचं पान आलं म्हणजे पहिली पायरी पार.

छोट्या क्लाउड मशीनवर सुरुवात मिनिटभर अडकली आणि लॉगमध्ये सिक्युअर रँडम तयार करायला इतका वेळ लागला अशी ओळ असेल, तर तुमच्या कोडचा दोष नाही. यंत्राकडे यादृच्छिक आकडे तयार करायला पुरेसा गोंधळ साठलेला नसतो.

ॲप चढवणं

प्रकल्पात एमव्हीएन क्लीन पॅकेज द्या. टार्गेट फोल्डरमध्ये वॉर तयार होतो, नावात आवृत्तीचा शेपूट घेऊन. तो शेपूट काढा, कारण वॉरचं नाव तोच पत्ता: सभासद डॉट वॉर असेल तर पत्ता ८०८० नंतर तिरकी रेघ आणि सभासद. नाव रोमनमध्येच द्यायचं. पत्त्यात काहीच नको असेल तर नाव रूट, पण चारही अक्षरं मोठी. विंडोजवर काम केलेल्यांना लहान-मोठ्याची पर्वा नसते, लिनक्सला असते.

वॉर वेबॲप्समध्ये टाकला की टॉमकॅट स्वतः तो उलगडतो. दूरच्या मशीनवर एससीपीने थेट वेबॲप्समध्ये कॉपी करू नका. नेट हळू असेल तर टॉमकॅट अर्ध्याच आलेल्या फाइलीवर झडप घालतो आणि झिप बिघडली म्हणून ओरडतो. आधी होम फोल्डरमध्ये आणा, मग एमव्हीने आत सरकवा.

नवा वॉर टाकूनही जुनंच ॲप दिसत असेल तर हा क्रम: सर्व्हर थांबवा, वेबॲप्समधला वॉर आणि त्याच नावाचं उलगडलेलं फोल्डर दोन्ही काढा, वर्क झाडा, नवा वॉर टाका, सुरू करा. चालत्या सर्व्हरवर दिवसातून वीसदा वॉर बदलता येतो खरा, पण ॲपने एखादा थ्रेड (समांतर चालणारं काम) मागे सोडला असेल तर जुन्या प्रती मेमरीत साठत जातात. टॉमकॅट लॉगमध्ये मेमरी लीकची ताकीद देतो, आपण ती वाचत नाही, आणि दुपारी चारला मेटास्पेस (क्लासांसाठीची मेमरी) संपल्याची एरर येते.

लॉग कुठला वाचायचा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ॲप आपटलं की कॅटालिना डॉट आउटमध्ये साधारण असं वाक्य येतं: वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट, सविस्तर माहिती योग्य त्या कंटेनर लॉग फाइलमध्ये मिळेल. लोक इथेच थांबतात आणि हे वाक्य सर्चमध्ये टाकतात. हजार उत्तरं मिळतात, कारण हजार कारणं असतात.

ती योग्य फाइल म्हणजे लॉग्ज फोल्डरमधली लोकलहोस्ट, तारीख आणि लॉग अशा नावाची. कॅटालिनाच्या फाइलीत सर्व्हरची तब्येत असते, लोकलहोस्टच्या फाइलीत तुमच्या ॲपची. तिथे लांबलचक स्टॅक ट्रेस असेल. वरून वाचू नका. खाली जा आणि शेवटचं कॉज्ड बाय शोधा. खरं दुखणं तिथे असतं. वरचं सगळं त्या दुखण्याचं नातेवाइकांनी केलेलं रडगाणं.

तिसरी फाइल ॲक्सेस लॉगची. ब्राउझरकडून विनंती खरंच पोचली का, आणि उत्तर किती नंबरचं गेलं, ते त्यात कळतं. ओळच नसेल तर दोष फायरवॉलचा, प्रॉक्सीचा किंवा चुकीच्या पोर्टचा; कोड उघडायची गरज नाही. सवय म्हणून एका टर्मिनलमध्ये टेल -एफने लोकलहोस्टची फाइल लावून ठेवा.

मॅनेजर, हवा असेल तर

वेबवरून ॲप चढवायचं पान टॉमकॅटबरोबर येतं. कॉन्फमधल्या टॉमकॅट-यूझर्स डॉट एक्सएमएलमध्ये यूझर आणि मॅनेजर-जीयूआय ही भूमिका लिहिली की चालू. स्क्रिप्टने चढवायचं असेल तर मॅनेजर-स्क्रिप्ट, आणि त्यासाठी वेगळा यूझर. ४०१ आला तर पासवर्ड चुकला. दुसऱ्या मशीनवरून ४०३ आला तर पासवर्डचा संबंध नाही. मॅनेजर फक्त त्याच मशीनवरून उघडावा अशी सोय केलेली असते, आणि ती तशीच राहू द्यावी. ५० एमबीपेक्षा मोठा वॉर या पानावरून सुरुवातीच्या मांडणीत जात नाही. यूझर टॉमकॅट, पासवर्ड टॉमकॅट असं ठेवून मशीन इंटरनेटवर सोडलंत तर कुणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टो नाणी पाडेल.

सेटईएनव्ही: सर्व्हरच्या सवयी एका जागी

मेमरी, टाइमझोन वगैरे गोष्टी कॅटालिना डॉट एसएचमध्ये घुसडू नका. बिनमध्ये सेटईएनव्ही डॉट एसएच नावाची नवी फाइल करा. टॉमकॅट ती असली तर वाचतो. त्यात कॅटालिना_ऑप्ट्स, मोठ्या अक्षरांत, एक्स्पोर्ट करायचं.

मेमरी ठरवून द्या, उदाहरणार्थ जास्तीत जास्त १ जीबी. काहीच नाही सांगितलं तर जावा साधारण मशीनच्या मेमरीचा पाव हिस्सा धरतो. मग १६ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी वापरून मजेत चाललेलं ॲप २ जीबीच्या क्लाउड मशीनवर अर्ध्या जीबीत घुसमटतं. चाचणीच्या सर्व्हरला प्रॉडक्शनइतकीच मेमरी द्या, जास्त नको. सोबत मेमरी संपल्यावर हीप डंप (मेमरीची फाइलीतली प्रत) काढायचा पर्यायही लावा.

टाइमझोन आशिया/कोलकाता असा उघडपणे लिहा. क्लाउडची मशीनं बहुधा यूटीसीवर असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसभर चाचणी केली तर काहीच कळत नाही. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यात झालेली नोंद मात्र आदल्या दिवसाची पडते. पावतीवर ३१ मार्च की १ एप्रिल हा फरक हिशेबनीसाला विचारा. ॲप कुठल्या घड्याळावर चालणार ते आधी ठरवा आणि चाचणीच्या यादीत रात्री साडेबाराची एक नोंद घाला.

डेटाबेस: आठ जणांनंतरची शांतता

डेटाबेसचा पत्ता वॉरच्या आत कोरू नका. टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये रिसोर्स म्हणून लिहा, ॲपने तो नावाने मागावा. तोच वॉर चाचणीलाही चालतो, पुढेही. असं केल्यावर डेटाबेसचा ड्रायव्हर जार टॉमकॅटच्या लिबमध्ये हवा, कारण पूल, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठा, टॉमकॅट बनवतो.

या पूलचा सुरुवातीचा आकडा आहे ८. टॉमकॅटकडे कामाला हात, म्हणजे थ्रेड, मात्र २००. एखाद्या मेथडमध्ये कनेक्शन बंद करायचं राहिलं असेल तर ते पान आठ वेळा उघडल्यावर नववा माणूस ताटकळतो. किती वेळ वाट बघायची हे सांगितलेलं नसेल तर तो कायमचाच ताटकळतो. एरर येत नाही, लॉग गप्प, प्रोसेसर निवांत, पान फिरतंय. जेस्टॅकला प्रोसेसचा नंबर देऊन पाहा: ढीगभर थ्रेड कनेक्शन मिळण्याची वाट बघत रांगेत दिसतील.

म्हणून चाचणीत हा आकडा मुद्दाम लहान ठेवावा असं माझं मत आहे. ८ ऐवजी ३. वाट पाहायची मर्यादा १० सेकंद. गळती असेल तर ती पहिल्याच तासात बोंब मारते. पूल मोठा करून गळती झाकणं म्हणजे टाकीला भोक असताना मोठी टाकी आणणं.

आणखी एक, अनुभवातून आलेलं. एकदा खऱ्या डेटाची प्रत घेऊन चाचणीचा सर्व्हर लावला होता. ॲपमध्ये रात्रीचा शेड्युलर होता, हे लक्षातच नव्हतं. पहाटे खऱ्या सभासदांना हप्ता थकल्याचे एसएमएस गेले, ज्यांचा हप्ता थकलेला नव्हता अशांनाही. सकाळचे फोन आठवले की अजून घाम फुटतो. खरे मोबाइल नंबर आणि आधार क्रमांक चाचणीच्या डेटाबेसमध्ये येण्याआधीच पुसा, आणि एसएमएस व ईमेलचे पत्ते खोट्या सर्व्हरकडे वळवा. आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहेच.

देवनागरीची कसोटी

परदेशी लेखांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त इथेच फजिती होते. फॉर्ममध्ये टेस्ट आणि एबीसी भरून चाचणी पास म्हणू नका. ज्ञानेश्वर, क्षितिज, कऱ्हाड, दर्‍या असं काही भरा, सेव्ह करा, पुन्हा उघडा.

बिघाडाचा चेहरा बघून जागा ओळखता येते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. कुणी ते तीन बाइट तीन वेगळी रोमन चिन्हं म्हणून वाचले की वर कानामात्रा लावलेल्या ए या रोमन अक्षराची माळ दिसते. म्हणजे माहिती शाबूत आहे, वाचणाऱ्याने चूक केली. टॉमकॅट ९ मध्ये पत्त्यातली अक्षरं यूटीएफ-८ ने वाचली जातात, पण फॉर्ममधून पोस्टने आलेली, काही सांगितलेलं नसेल तर, जुन्या पश्चिम युरोपीय पद्धतीने. ॲपच्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिक्वेस्ट कॅरॅक्टर एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. टॉमकॅट १० च्या मांडणीत ते आधीच लिहून येतं. थोडक्यात, १० वर पास झालेली मराठीची चाचणी ९ वर नापास होऊ शकते.

अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली तर माहिती गेली, परत येणार नाही. दोष बहुधा डेटाबेसच्या कॉलमचा किंवा कनेक्शनचा. मायएस्क्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ ठेवा. जुन्या यूटीएफ८ मध्ये मराठी बसते, पण नावापुढे कुणी इमोजी टाकली की अडतं. चौकोन दिसले तर फक्त फॉन्ट नाही, सर्व्हरला दोष देऊ नका. पीडीएफ पावतीत हे हमखास होतं, कारण सर्व्हरच्या मशीनवर देवनागरी फॉन्टच नसतो.

फाइलीतून डेटा वाचत असाल तर जावाची आवृत्ती पुन्हा आडवी येते. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून होतं. लिनक्सवर छान वाचलेली सीएसव्ही विंडोजवर विस्कटते ती यामुळे.

आणि नावाच्या तपासणीचा कोड बघा. क्षितिज हे नाव डोळ्याला तीन अक्षरं, जावाला सात चिन्हं. अक्षर आहे का हे विचारणारी जावाची इझलेटर मेथड वेलांटीला आणि हलंताला नाही म्हणते. नावात फक्त अक्षरं हवीत असा नियम लिहिणाऱ्या प्रोग्रामरने अजाणता निम्म्या महाराष्ट्राला नाव नोंदवायला मनाई केलेली असते.

डिबगर, दुसरा सर्व्हर आणि भार

आयडीईतून (कोड लिहायच्या साधनातून) थेट सर्व्हरमध्ये ब्रेकपॉइंट लावायचा असेल तर कॅटालिना डॉट एसएच जेपीडीए स्टार्ट द्या. ८००० पोर्टवर फक्त त्याच मशीनपुरता डिबगर उघडतो. हे पोर्ट बाहेर उघडणं म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवून सोसायटीच्या ग्रुपवर कळवणं.

दोन शाखांची चाचणी एकाच वेळी हवी असेल तर टॉमकॅट दोनदा उलगडायची गरज नाही. नवीन फोल्डर करा, त्यात कॉन्फची प्रत आणि रिकामी लॉग्ज, टेम्प, वेबॲप्स, वर्क. दोन्ही पोर्ट बदला. सुरू करताना कॅटालिना_बेस हे व्हेरिएबल या फोल्डरवर लावा. बोका एक, घरं दोन. सेटईएनव्ही वेगळी हवी तर नव्या फोल्डरमध्ये बिन करून त्यात ठेवा.

भाराच्या चाचणीला जेमीटर घ्या. त्याचं टॉमकॅटशी जुनं नातं आहे: टॉमकॅटच्या आधीचा अपाचीचा जेसर्व्ह किती ताण सोसतो हे बघायलाच तो मुळात लिहिला गेला. योजना त्याच्या खिडक्यांमध्ये बनवा, पण प्रत्यक्ष मारा कमांड लाइनवरून करा आणि शक्यतो दुसऱ्या मशीनवरून. एकाच लॅपटॉपवर मारणारा आणि मार खाणारा दोघेही असले तर आकडे कुणाचे तेच कळत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं मोजू नका. जावाचं कोड तापायला वेळ लागतो.

मोडता आला पाहिजे

शेवटी एक स्क्रिप्ट लिहून ठेवा: जुनं फोल्डर पुसणं, टॉमकॅट उलगडणं, सर्व्हर डॉट एक्सएमएल, सेटईएनव्ही आणि कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल या आपल्या तीन फाइली जागी ठेवणं, ड्रायव्हर लिबमध्ये, वॉर वेबॲप्समध्ये, सुरू करणं. त्या तीन फाइली पासवर्ड वगळून गिटमध्ये. नंतर कर्लने (टर्मिनलमधून पान मागवणारं साधन) ॲपचं एक पान मागवायचं आणि २०० आला नाही तर लोकलहोस्टच्या लॉगचा शेवटचा भाग छापून स्क्रिप्टने थांबायचं. टॉमकॅटचं स्वागताचं पान मागवू नका, ते सर्व्हर उठला एवढंच सांगेल. डेटाबेसला हात लावणारं पान मागवा, जमलं तर ज्ञानेश्वर शोधणारं. दर सोमवारी सकाळी ही स्क्रिप्ट एकदा चालवा. ज्या सोमवारी ती अडेल, त्या आठवड्यात कुणीतरी सर्व्हरवर हाताने काहीतरी बदललेलं असेल, आणि त्याला ते अजून आठवत असेल.